मैदानाच्या नावातला मुलगा

नाशिकच्या कॉलेजात शिकणाऱ्या कुणालाही ‘अनंत कान्हेरे’ म्हटलं की आधी क्रिकेट आठवतं. रणजीचे सामने होतात ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. जुनी माणसं त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणतात. नाव रोज तोंडी असतं, पण त्या नावाचा मुलगा कसा दिसायचा, काय घालायचा, कसं बोलायचा, हा प्रश्न पहिल्यांदा पडतो तो कुणीतरी त्याच्यावर एकांकिका बसवायला घेतो तेव्हा.

आणि नाशिकमध्ये ती बसवावीशी वाटणं साहजिक आहे. २१ डिसेंबर १९०९. कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झालेली आणि त्यांच्या निरोपानिमित्त विजयानंद थिएटरमध्ये ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग. साहेब नाटकाला आले आणि सतरा-अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरेनं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो चुकला असता तर विनायक नारायण देशपांडे, तेही चुकले असते तर कृष्णाजी गोपाळ कर्वे, अशी फळी लावलेली होती. दोघेही पंचविशीच्या आतले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी झाली.

नाट्यगृहातच घडलेला खून, प्रेक्षकांत बसलेला मारेकरी आणि निरोपाचा समारंभ. एकांकिकेला यापेक्षा जास्त काही लागत नाही, असं वाटतं. पण संहिता हातात आली आणि पहिलं वाचन झालं की प्रश्न सुरू होतात, आणि माझ्या मते खरं नाटक तिथूनच बसू लागतं. शहरातल्या कॉलेजांच्या तालमींना मी अधूनमधून जाऊन बसतो. वर्गातली बाकडी भिंतीला लावलेली असतात, खडूनं विंगा आखलेल्या असतात, आणि दिग्दर्शन करणारा मुलगा स्वतःच जेमतेम वीस वर्षांचा असतो. वेशभूषा ज्या मुलीकडे असते ती वही घेऊन कोपऱ्यात बसते. तिच्या वहीत काय लिहिलं जातं, त्यावर हा लेख आहे. नट किती चांगला आहे हे नंतर कळतं; नाटकानं आपल्या माणसांना नीट पाहिलंय की नाही, हे त्या वहीवरून आधी कळतं.

बहुतेक वह्यांत पहिल्या पानावर एकच ओळ असते. ‘स्वातंत्र्यसैनिक – पांढरा सदरा, धोतर, गांधी टोपी.’ ड्रेपरीवाल्याकडे हा संच तयार असतो. त्याच्या पेटाऱ्यात स्वातंत्र्यसैनिक, मावळा, वासुदेव, इन्स्पेक्टर आणि इंग्रज साहेब अशी गाठोडी बांधून ठेवलेली असतात. भाडं परवडतं, स्पर्धा तोंडावर असते, मुलं गाठोडं उचलून आणतात.

पण १९०९ साली गांधी टोपी नव्हती. गांधीजी त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत होते. ती पांढरी टोपी देशभर डोक्यांवर दिसू लागली ती त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, असहकाराच्या काळात. कान्हेरेच्या डोक्यावर ती ठेवली की नुसती तारीख चुकत नाही, अख्खा माणूस चुकतो. ज्या मुलाचा मार्ग पिस्तुलाचा होता, त्याच्या डोक्यावर अहिंसेची खूण बसते. प्रेक्षकांत कुणी बोलून दाखवत नाही, पण नाटकाचा कणा तिथेच वाकतो.

मग डोक्यावर काय? त्या काळचा पांढरपेशा मराठी विद्यार्थी धोतर, सदरा, वर बंद गळ्याचा कोट आणि डोक्याला टोपी किंवा पागोटं अशा वेषात घराबाहेर पडे. उघड्या डोक्यानं चारचौघांत जाणं शिष्टसंमत नव्हतं. टोपीखाली पुढून भादरलेलं डोकं, घेरा आणि शेंडी. शहरांतल्या काही मुलांनी केस राखायला सुरुवात केलेली. आता आजच्या मुलाला शेंडी ठेव म्हणणं सोपं नाही. त्याच्या बाजूचे केस मशीननं बारीक केलेले असतात, त्याला पुढच्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला जायचं असतं. टोप चढवला तर एकांकिकेच्या प्रखर दिव्यात कपाळावरची शिवण पहिल्या रांगेतून दिसते. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत आणि माझं मत असं, की टोपी काढायचीच नाही असं ठरवावं, कानांवरचे केस वस्तऱ्यानं साफ करावेत आणि बाकीचं टोपीवर सोडावं. पण मग टोपी नीट हवी. ती डोक्यावर सारखी सावरणारा नट त्या काळातला वाटत नाही. तालमीच्या पहिल्या दिवसापासून ती डोक्यावर हवी.

मिशीचंही तसंच. शूर माणूस म्हणजे पीळदार मिशी, हे सिनेमानं शिकवलेलं. स्पिरिट गम लावून झुबकेदार मिशी चिकटवली की अठरा वर्षांचा मुलगा तिशीचा फौजदार दिसू लागतो. या भूमिकेला हवं आहे नुकतं फुटलेलं मिसरूड. अठरा वर्षांच्या नटाकडे ते स्वतःचंच असतं, तेवढ्यासाठी रंगभूषाकाराला काहीही करावं लागत नाही. व्यावसायिक रंगभूमीवर ही भूमिका करणारा नट बहुधा वयानं मोठा असेल, त्याला तरुण दिसण्याचा खटाटोप करावा लागेल. कॉलेजच्या पोरांकडे ते वय मुळातच आहे, आणि ते लपवण्यात ती आपली शक्ती घालवतात याचं मला वाईट वाटतं.

कपड्याचा पोत हा पुढचा प्रश्न. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ जोरात होती. त्याच साली पुण्यात विनायक दामोदर सावरकर आणि त्यांच्या मित्रांनी विलायती कपड्यांची होळी केली. अभिनव भारत या सावरकरांच्या गुप्त क्रांतिकारी संघटनेशी ज्यांचं नातं, त्यांच्या अंगावर मँचेस्टरची तलम मलमल नसणार, देशी गिरणीचं किंवा हातमागाचं जाडंभरडं कापड असणार. नाशिकच्या कापड पेठेत आजही जाडं मांजरपाट मिळतं. पण ते नवं असताना इतकं पांढरंफेक असतं की दिव्याखाली डोळ्यांवर येतं आणि नटाचा चेहरा त्याच्यामागे बुजतो. जुन्या बॅकस्टेजवाल्यांचा उपाय अजून चालतो: चहाच्या पाण्यात कापड उकळायचं, पिळून सावलीत वाळवायचं, पुन्हा धुवायचं. दोनतीनदा केलं की अंगावर वापरल्यासारखा मळकट साय-रंग येतो. कोपर आणि गुडघे घासून घ्यायचे. इस्त्री शक्यतो नाही. हा मुलगा परगावाहून आलेला आहे, हे कपड्यांनी सांगायला हवं.

आणि डिसेंबर विसरू नये. नाशिकची थंडी काय असते हे नाशिककरांना सांगायला नको. रात्रीचा प्रयोग, गोदावरीकडून येणारा गारठा. प्रेक्षकांतल्या माणसांच्या अंगावर शाली, उपरणी, कानाला गुंडाळलेले रुमाल हवेत. त्या थंडीमुळे कोट घालणं स्वाभाविक ठरतं आणि कोटामुळे शस्त्र लपवणं शक्य होतं. हे एवढं लक्षात आलं की कोट हा नुसता पोशाख राहत नाही. नट बसताना कोटाची कुठली बाजू आधी सावरतो, शेजारचा माणूस सरकून बसला तर त्याचं अंग कसं आखडतं, हात खिशाजवळ किती वेळ राहतो, हे सगळं त्या एका कपड्यातून येतं. म्हणून माझा आग्रह असतो की कोट रंगीत तालमीच्या दिवशी आणू नका, पहिल्या आठवड्यातच आणा. कुणाच्या आजोबांचा लग्नातला असला तरी चालेल.

खिशातल्या शस्त्राबद्दल इतकंच सांगतो. नाटकाच्या सामानात मिळतं ते बहुधा गोल चक्रीचं रिव्हॉल्व्हर असतं. कान्हेरेजवळ होतं ब्राउनिंग पिस्तूल, चपटं, मुठीत गोळ्यांची पट्टी बसणारं. हा फरक हौशी चिकित्सकांसाठी नाही. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. नाशिकच्या खुनाचा तपास त्या पिस्तुलामुळे इंडिया हाउस या लंडनमधल्या क्रांतिकारकांच्या ठिकाणापर्यंत पोचला, मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली आणि पुढे अंदमान. म्हणजे ज्या वस्तूला आपण प्रॉपर्टीच्या यादीत ‘बंदूक – १’ असं लिहितो, तिच्यामुळे मराठी इतिहासातलं केवढं प्रकरण घडलं! प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या मुलानं हे एकदा वाचलं की तो ते पुठ्ठ्याचं पिस्तूल टेबलावर फेकून देत नाही.

कपड्यांकडून माणसाकडे येऊ. कान्हेरे नाशिकचा नव्हताच. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या आयनी गावचा, सुरुवातीचं शिक्षण इंदूरला, मग इंग्रजी शिकायला औरंगाबादला. तिथं तो गंगाराम रूपचंद श्रॉफ या मारवाडी मित्राच्या घरी भाड्यानं राहायचा. औरंगाबाद निजामाच्या राज्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखाच्या बाहेर. घरात कोकणस्थी वळण, शाळेत होळकरी इंदूरचं हिंदीमिश्रित मराठी, भोवती उर्दू आणि मारवाडी. असा मुलगा काय बोलेल? संहितेत तो बहुधा व्याख्यानातलं छापील मराठी बोलतो. एकदा एका नटाला मी विचारलं की तू नाशिकच्या रस्त्यावर कुणाला पत्ता विचारशील तर कसा विचारशील. संहितेत नसलेलं ते वाक्य त्यानं शोधायला घेतलं आणि दोन दिवसांत त्याचा सगळा स्वर उतरला. परक्या गावात वाट विचारणारा मुलगा त्याला सापडला होता.

या मुलानं ‘मित्रप्रेम’ नावाची कादंबरी लिहिली होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मैत्रीवर कादंबरी लिहावीशी वाटण्याच्या त्या वयात त्यानं प्राण द्यायचं ठरवलं. तो का पेटला, याचं उत्तर तर नाशिकमध्येच आहे. कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल विनायकरावांचे थोरले बंधू बाबाराव सावरकर यांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो खटला जॅक्सनच्या हातून पुढे गेला होता. कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, पायांनी अधू होते. तिळभांडेश्वर लेनमध्ये मित्रमेळा या सावरकरांच्या मंडळातल्या मुलांत बसून कविता रचायचे. तालमीच्या मंडळींनी एका सकाळी त्या गल्लीत जाऊन यावं. गल्ली केवढी अरुंद आहे हे पाहिलं की गुप्त बैठकीचा प्रवेश मोठमोठ्यानं बोलून चालणार नाही, हे दिग्दर्शकाला कुणी सांगावं लागत नाही. भगूर नाशिकपासून काही लांब नाही. सावरकरांचं घर तिथं स्मारक म्हणून जपलेलं आहे. त्या घराच्या खोल्या, कोनाडे, जिन्याची उंची पाहून नेपथ्य करणारा मुलगा लेव्हलची मापं बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो मात्र जॅक्सनच्या भूमिकेवर. वर्गातला गोरा, उंच मुलगा निवडायचा, डोक्यावर सोला हॅट घालायची, हातात छडी द्यायची आणि तोंडात ‘टुम लोग’ छापाची भाषा. हॅटचं आधी पाहू. सोला हॅट उन्हासाठी असते. नाटक रात्रीचं होतं. रात्री थिएटरात निरोपसमारंभाला आलेला कलेक्टर ती घालून येणार नाही.

भाषेचं प्रकरण याहून गंभीर. ए. एम. टी. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते, मराठी चांगलं जाणत होते, लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. आपण मागच्या जन्मी वेदविद्या जाणणारे ब्राह्मण होतो असं ते सांगत, अशी आख्यायिका आहे. त्यांनी गोळा केलेल्या लोककथा, समजुती, सण आणि देवदेवतांच्या माहितीवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी त्यांच्या मृत्यूनंतर दोन ग्रंथ तयार केले: गुजरातचा १९१४ साली, कोकणचा १९१५ साली. गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून ही माहिती मिळवलेली होती. कोकणचा तो खंड ज्या मुलखाबद्दल आहे, त्याच मुलखात कान्हेरे जन्मला. ज्या गावांच्या भुताखेतांच्या आणि ग्रामदेवतांच्या गोष्टी साहेबानं कागदावर उतरवून घेतल्या, तिकडचाच एक मुलगा कोटाच्या खिशात हात घालून त्याची वाट पाहत बसला होता. हे कळल्यावर त्या भूमिकेला विनोदी उच्चार देणं शक्यच नाही. उलट जॅक्सनचं मराठी इतकं स्वच्छ हवं की प्रेक्षकांना क्षणभर तो माणूस आवडावा. तो आवडला तरच गोळीचा अर्थ कळेल. आपली भाषा, आपला धर्म, आपल्या गोष्टी जाणणारा माणूस एका कविता छापणाऱ्याला काळ्या पाण्याकडे धाडणाऱ्या राज्यव्यवस्थेचा हात असतो, हे त्या काळच्या तरुणांना जास्त सलत असेल, असं मला वाटतं. जॅक्सन करणाऱ्या मुलानं म्हणून संस्कृतच्या शिक्षकांकडे बसून चार श्लोकांचे उच्चार घोटावेत. संहितेत एकही श्लोक नसला तरी.

इतिहासातल्या व्यक्तीला असं माणूस म्हणून पाहणं नाशिकच्या रंगपरंपरेशी जोडलेलं आहे, आणि ती परंपरा विद्यार्थ्यांच्या अगदी जवळची आहे. हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज निघालं ते १९२४ साली. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, त्या कॉलेजचे विद्यार्थी, वसंत कानेटकर तिथले प्राध्यापक. कानेटकरांनी १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं तेव्हा शिवाजी महाराजांना सिंहासनावरून उतरवून त्यांनी बापाच्या जागी बसवलं; गोवा हिंदू असोसिएशनच्या प्रयोगात मास्टर दत्ताराम शिवाजी झाले आणि काशिनाथ घाणेकर संभाजी. दहा वर्षांनी ‘हिमालयाची सावली’त महर्षी कर्व्यांच्या घराण्यावरून सुचलेला प्रा. भानू आला, श्रीराम लागूंनी केलेला. मोठ्या माणसाच्या घरातल्या माणसांनी काय सोसलं ते त्या नाटकात आहे. इतिहासातल्या माणसाला पुतळ्याच्या चौथऱ्यावरून खाली उतरवून घरात आणायचं, हे या शहरातल्या एका प्राध्यापकानं शिकवलं. कान्हेरेवर एकांकिका करणाऱ्या मुलांचे खरे गुरू तेच आहेत.

आता नेपथ्य. बहुतेक संघ विजयानंद थिएटर उभं करायला बघतात. कमानी, लाल पडदे, झुंबर. स्पर्धेत सेट लावायला मिळतात मोजकी मिनिटं, ट्रकचं भाडं डोईजड होतं, आणि फ्लॅट हलला की सगळं थिएटर डुलतं. शिवाय प्रश्न असा, की थिएटर दाखवायला थिएटर कशाला उभारायचं? प्रेक्षक आधीच एका थिएटरात बसलेले आहेत. कान्हेरेला त्यांच्यातच बसवावं. नाटक सुरू होण्याआधी धोतर-कोटातला एक मुलगा कडेच्या खुर्चीवर येऊन बसलेला असावा. परशुराम साईखेडकर नाट्यगृह असो की कालिदास कलामंदिर, शेजारची मावशी त्याच्याकडे वळून पाहणारच.

मला हे नाटक बसवायला दिलं तर मी रंगमंचावर रंगपट दाखवेन. म्हणजे ‘शारदा’च्या प्रयोगाची मागची बाजू. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ सालचं. पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा कांचनभट, बोहल्यावर चढायला निघालेला भुजंगनाथ, आणि ज्या मुलीच्या आयुष्याचा हा सौदा आहे ती शारदा. किर्लोस्कर मंडळीत शारदेची भूमिका बालगंधर्व करत; १९०९ साली ते एकवीस वर्षांचे होते. रंगपटात एक तरुण मुलगा लुगडं नेसतो आहे, केसांत फुलं माळतो आहे, डोळ्यांत काजळ घालतो आहे. पडद्यापलीकडे साहेब येण्याची कुजबुज, पायपेटीचे सूर जुळवणं, आणि मग गोळ्यांचे आवाज. प्रेक्षकांना खून दिसत नाही, तो ऐकणारी शारदा दिसते. नंतर पळापळ, अर्ध्या रंगलेल्या तोंडांची माणसं, आणि वडीलधाऱ्यांनी ठरवलेल्या आयुष्याविरुद्ध बोलायला निघालेलं एक नाटक थांबलेलं. त्याच वयाचा दुसरा एक मुलगा त्याच वेळी दुसऱ्या प्रकारे बोललेला.

यात सोय अशी, की सेटला एक आरसा, दोन पेटारे, दांडीवर टाकलेली लुगडी आणि मागून दिसणारा पडद्याचा उलटा भाग एवढंच लागतं. रंगवलेल्या पडद्याची मागची बाजू म्हणजे गोणपाट आणि शिवण. मुलं ती एका रात्रीत करू शकतात. समया, तांब्या, परात, घंगाळ भांडी बाजारातून आणता येतात, किंवा जुन्या नाशकातल्या कुठल्याही घरच्या माळ्यावरून. मात्र वस्तू चकचकीत घासून आणू नका. वापरातल्या पितळेला वेगळा रंग असतो.

शारदा करणाऱ्या मुलाच्या भूमिकेसाठी मुलगा घ्यावा की मुलगी, यावर वाद होतो, आणि मुलींना भूमिका कमी मिळतात ही त्यांची तक्रार खरी आहे. तरीही इथं मुलगाच हवा, असं माझं ठाम मत. लुगडं नेसताना त्याच्या हालचालीत काय बदलतं, हेच पाहायचं आहे. त्याला नेसवायला आणि शिकवायला मात्र घरातली आजी हवी. शिवलेलं नऊवारी वापरू नये. शिवलेल्यात निऱ्या पडतात, पण ओचा सावरण्याची, कासोटा खोचण्याची, पदर खांद्यावर घेताना मान किंचित तिरपी करण्याची सवय त्यातून येत नाही. नऊ वार कापड अंगाभोवती फिरताना शरीराला जी शिस्त लागते, ती भूमिकेची अर्धी तयारी असते.

मुलींच्या तक्रारीवर उत्तर म्हणून मी त्यांना याच शहरातला दुसरा विषय सुचवतो, आणि वेशभूषेच्या दृष्टीनं तो कान्हेरेपेक्षाही श्रीमंत आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं नाशकात आली. मंदिराच्या दारांशी बसण्यासाठी निघालेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. दांडीयात्रा त्यानंतर दहा दिवसांनी निघाली. सत्याग्रह काही वर्षं चालला. १९३२ साली विशीतले शिरवाडकर त्यात सामील झाले होते.

त्या पंचवीस स्त्रियांनी लुगडं कसं नेसलं असेल? ड्रेपरीवाला देईल ते तकतकीत नऊवारी नाही. कष्टकरी बाई काष्टा वर घेऊन, पोटऱ्या उघड्या राहतील असं नेसायची. ब्राह्मण घरातलं लुगडं घोट्यापर्यंत उतरायचं. नेसण्यावरून जात ओळखता येई. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना नेमकं हेच सांगितलं होतं: अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण, जड कथलाचे आणि चांदीचे दागिने सोडा, वरिष्ठ मानल्या गेलेल्या बायकांसारखं अंगभर लुगडं नेसा. तिथल्या स्त्रियांनी ते लगेच अमलात आणलं. मग सव्वादोन वर्षांनी नाशकात काळारामाच्या दाराशी बसलेल्या बायांपैकी कुणाचं लुगडं घोट्यापर्यंत आलेलं असेल आणि कुणाचं अजून गुडघ्याशी असेल? एकाच रांगेत दोन्ही असतील तर ती रांग काहीही न बोलता इतिहास सांगेल. वेशभूषेची वही सांभाळणाऱ्या मुलीनं असा एक निर्णय घेतला तर तिचं नाव दिग्दर्शकाच्या शेजारी छापलं जावं.

याच एकांकिकेत पुरुषांच्या डोक्यावर गांधी टोपी असू शकते. १९०९ ला चुकीची असलेली टोपी १९३० ला बरोबर ठरते, आणि ती घातलेली माणसं मंदिराच्या दाराच्या कुठल्या बाजूला उभी होती, हा दिग्दर्शकासमोरचा अवघड प्रश्न होतो. तो टाळू नये. आणि एक आठवण द्यावीशी वाटते: नाशिक जिल्ह्यातलंच येवला पैठणीसाठी प्रसिद्ध आहे, तिथंच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पैठणीच्या गावी, लुगड्याच्या मानापमानातून आलेल्या समाजासमोर! या एका जोडीवर कुणी मुलीनं एकांकिका लिहावी, अशी माझी फार इच्छा आहे.

माहिती कुठं शोधायची, हे मुलं विचारतात. मोबाइलवर शोधलं की पहिल्यांदा सिनेमातले फोटो येतात, आणि सिनेमाचा वेशभूषाकार ड्रेपरीवाल्याकडेच गेलेला असू शकतो. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नाशकात आहे. तिथं जुने अंक, जुनी चरित्रं आहेत, आणि कुठलं पुस्तक कुठं आहे ते सांगणारी माणसं आहेत. सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे घरातले फोटो. १९०९ चे नसले तरी १९२५-३० चे असतात. त्यांत रंग नसतो. पण कोटाला किती बटणं आहेत, बायकांच्या चोळीची बाही कोपरापर्यंत आहे की वर, पायांत वहाणा आहेत की जोडे, लहान मुलांच्या डोक्यावर काय आहे, हे सगळं स्पष्ट दिसतं. रंगासाठी आजीला विचारावं. चंद्रकळा म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर काळं लुगडं आणि लाल काठ लगेच उभा राहतो. अंजिरी, मोरपिशी, जांभळा, आमसुली, हे रंग दुकानातल्या नमुन्याच्या तक्त्यात सापडत नाहीत, तिच्या ट्रंकेत सापडतात.

जुन्या रंगभूमीच्या प्रकाशाचा विचार फारसा कुणी करत नाही. १९०९ च्या रंगमंचावर आजच्यासारखे स्पॉट आणि एलईडी नव्हते. दिव्यांचा पिवळट, थरथरता उजेड खालून आणि समोरून यायचा, त्यानं हनुवटी उजळायची आणि डोळ्यांच्या खोबणी गडद व्हायच्या. रंगपटाचा प्रवेश निळ्या-जांभळ्या दिव्यांत केला तर सगळी मेहनत वाया जाते. दोन पिवळे दिवे खालून लावा, आरशाजवळ एक समई ठेवा. उघडी ज्योत चालवून घेत नसतील तर बल्ब झाकून लावा. गोळ्यांच्या आवाजासाठी फटाका लावण्याचा मोह आवरावा. बंदिस्त विंगेत तो धोक्याचा तर आहेच, शिवाय नटाच्या कानठळ्या बसतात आणि पुढची वाक्यं हरवतात. ध्वनी आधी मुद्रित करून ठेवावा आणि बटण दाबणाऱ्यानं नटाच्या खांद्याकडे बघून दाबावं, संहितेकडे बघून नाही.

वयाच्या आणि रंगभूषेच्या गोष्टी निघाल्या की ‘नटसम्राट’ची आठवण निघतेच. कॉलेजची मुलं बेलवलकरांचा प्रवेश करतात तेव्हा केसांना पांढरी पावडर आणि हातात काठी एवढ्यावर म्हातारपण संपतं. शिरवाडकरांनी हे नाटक याच शहरात राहून लिहिलं, १९७० च्या डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशननं ते रंगमंचावर आणलं, आणि डॉ. लागूंच्या नंतर बेलवलकर उभे करणारे दत्ता भट तर नाशिकचेच. त्यांचे बेलवलकर पाहिलेली माणसं अजून शहरात आहेत. वीस वर्षांच्या मुलानं तो प्रवेश करायचाच असेल तर त्यांच्यापाशी जाऊन बसावं, आणि मग पावडरचा डबा आणावा की नाही ते ठरवावं.

रंगीत तालमीच्या दिवशी सगळं एकदम अंगावर येतं. धोतर सुटतं, टोपी घट्ट होते, शारदेच्या ओच्यात पाय अडकतो, जॅक्सनचा बूट चावतो. तेव्हा दिग्दर्शक मुलं चिडतात. चिडू नये, ते सगळं खरं आहे आणि त्यातलं निम्मं ठेवण्यासारखं असतं. कान्हेरे करणाऱ्या मुलाला एकच गोष्ट नीट सांगावी: गोळ्या झाडल्यानंतर काय करायचं याची त्याला पूर्ण कल्पना होती, पण त्याचा हात किती जड होईल याची नसणार. म्हणून पिस्तुलाचं वजन खऱ्याइतकं ठेवा. पुठ्ठ्याच्या आत शिशाचे तुकडे भरा आणि आठवडाभर त्याला तेच खिशात घेऊन तालीम करू द्या.